मानमोडीची साथ (१९१८) : नाशिककरांच्या घरात काही आठवण आहे का?

गंगाथडी

प्लेगच्या गोष्टी नाशकात कुणालाही विचारा, भडाभडा निघतात. उंदीर पडले, गाव उठलं, लोक मळ्यात झोपड्या घालून राहिले, टोचायला माणसं आली. भगूरच्या सावरकरांच्या घरी १८९९ मध्ये दामोदरपंत प्लेगने गेले हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. पण १९१८ चा इन्फ्लुएंझा, म्हणजे जुन्या लोकांची मानमोडी, म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

विचारायचं कारण सांगतो. घरातल्या कार्यासाठी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गेलो होतो तेव्हा आमच्या क्षेत्रोपाध्यायांकडे वंशावळीची वही काढली. त्यात कार्तिक शके १८४० ची नोंद आहे, म्हणजे १९१८ च्या दिवाळीनंतरची. पणजोबांचे थोरले भाऊ आले होते, खाली त्यांची मोडी सही. एका खेपेत चौघांच्या अस्थी आणल्या होत्या. धाकटा भाऊ, त्याची बायको, स्वतःची बायको, आणि चौथ्या ओळीत नुसतं 'मूल'. कशाने गेले ते लिहायची तिथे पद्धत नाही. घरी मात्र या चौघांबद्दल कुणी एक अक्षर बोलल्याचं मला आठवत नाही. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "असेल दुष्काळबिष्काळ."

हिंदुस्थानात त्या साथीत कमीत कमी सव्वा कोट माणसं गेली. काही अभ्यासक पावणेदोन कोटींच्या वर जातात. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर. विसाव्या शतकातल्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली असं एकच दशक आहे, १९११ ते १९२१. प्लेगने पाव शतकात नेली नाहीत तेवढी माणसं मानमोडीने काही महिन्यांत नेली. मग प्लेग लक्षात राहिला आणि ही विसरली कशी?

तुमच्याकडे काही ऐकीव, लिहिलेलं, देव्हाऱ्यातला टाक, काहीही असेल तर सांगा.

आगाऊ_कार्टा

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निफाडची_लेक

आमची आजी फार चिडली की "मानमोडी आली मेल्याला" म्हणायची. ती शिवी आहे एवढंच माहीत होतं. हा आजार होता हे आज कळतंय!

मनमाड_जंक्शन

साथ नाशिक जिल्ह्यात कशी शिरली हे रेल्वेच्या नकाशावर बोट फिरवून दाखवता येतं.

१० जून १९१८ ला मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ताप मलेरियाचा नव्हता. पाठोपाठ गोदीतले, बंदरावरच्या कचेऱ्यांतले, टपालातले, गिरण्यांतले लोक पडायला लागले. मे अखेरीला बंदरात लागलेल्या सैनिकांच्या जहाजाकडे बोट दाखवतात. मुंबई म्युनिसिपालटीचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी लिहून ठेवलंय की हा आजार रात्रीच्या चोरासारखा आला. ही पहिली लाट तशी हलकी होती. माणसं चार दिवस पडली, उठली, कामावर गेली. म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

सप्टेंबरात तीच साथ परत फिरली ती राक्षस होऊन. मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

आता आपली लाइन बघा. जीआयपी रेल्वे, म्हणजे आजची मध्य रेल्वे. कल्याण, कसारा, घाट चढून इगतपुरी, मग देवळाली, नाशिकरोड, मनमाड, भुसावळ. इगतपुरीत घाटाच्या इंजिनांवरचे ड्रायव्हर-फायरमन मुक्कामाला. मनमाडला दौंडचा फाटा फुटतो, म्हणजे नगरकडे जाणारा माणूसही इथेच फलाटावर झोपणार. लागण झाल्यावर ताप चढायला एक-दोन दिवस लागतात. बोरीबंदरला गाडीत बसताना माणूस धडधाकट, घरी पोचल्यावर जेवण उतरेना. गिरण्यांत माणसं पटापट पडायला लागल्यावर लोकांनी गावाची वाट धरली. आपण २०२० मध्ये कसारा घाटातून पायी येणारी माणसं पाहिली, तेव्हा गाड्या चालू होत्या एवढाच फरक.

आणि नाशिकरोडला उतरून गावात यायला घोड्यांची ट्राम. खच्चून भरलेली.

आगाऊ_कार्टा

ट्राम??? नाशकात??? आणि आम्ही मेट्रो निओची वाट बघत म्हातारे होतोय.

पंचवटीकर

होती ना. १८८९ ला सुरू झाली, नाशिकरोड स्टेशन ते मेनरोडवरची जुनी म्युनिसिपालटी. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत बंद पडली. चार-चार घोडे जुंपायचे. द्वारकेच्या चौकात आजचा खोळंबा बघता घोडेच बरे होते.

गंगाथडी

मंडळी, धागा ट्रामखाली घालू नका.

देवळालीकर

मनमाड_जंक्शन यांचा प्रतिसाद चांगला आहे, पण सगळा दोष मुंबईच्या माथी मारायची सवय सोडा. देवळालीची छावणी विसरलात. पहिल्या महायुद्धात इथे मोठी लष्करी इस्पितळं होती. मेसोपोटेमियाहून आजारी आणि जखमी सैनिक मुंबईला उतरवून गाडीने देवळालीला आणायचे. त्यांची सेवा करणारे भिस्ती, धोबी, आचारी, झाडूवाले सगळे भगूर, लहवित, संसरी, नाशिकरोडच्या बाजूचे. संध्याकाळी आपापल्या घरी. छावणीत आधी आणि गावात नंतर, असंच आमच्याकडे जुने लोक सांगायचे.

मनमाड_जंक्शन

म्हणजे मुंबईला उतरवूनच आणायचे ना? मग मुंबई आधी की देवळाली आधी? :)

देवळालीकर

मुंबई शहरातून आणि मुंबई बंदरातून यात फरक आहे साहेब.

दवाखाना_बंद_वेळेत

(डॉक्टर आहे, नावावर जाऊ नका.)

पहिलं, हा विषाणू एच१एन१ जातीचा. २००९ चा स्वाइन फ्लू, ज्याचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला, तो याच कुळातला. पण १९१८ मध्ये विषाणू हा प्रकार डॉक्टरांच्या हातात नव्हता. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढला तो १९३३ मध्ये. तोवर फायफरने शोधलेल्या एका जिवाणूला दोषी धरत होते आणि त्यावरच्या लशी बनवत होते. म्हणजे चोर एक आणि पकडला भलताच.

दुसरं, मरणाचं मुख्य कारण बहुतेकांत न्यूमोनिया. विषाणूने फुफ्फुसं सोलून ठेवायची आणि मागून जिवाणूंनी घुसायचं. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा. पेशंट निळा-काळा पडायला लागला की वैद्य, डॉक्टर, हकीम सगळे सारखेच हतबल.

तिसरं आणि सगळ्यात विचित्र. एरवीचा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतो. या साथीने वीस ते चाळीसच्या वयाला निवडून नेलं. का, यावर अजून वाद आहेत. म्हाताऱ्यांना लहानपणीच्या कुठल्या तरी फ्लूची जुनी ओळख कामी आली असावी, हे त्यातलं एक मत. भारतात आणखी एक गोष्ट. इथे बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. गरोदर बायकांचे तर फार हाल झाले. घरात पाच जण तापाने पडलेले असताना सहावी जी उठून पाणी भरत होती, पेज करत होती, सगळ्यांच्या ओकाऱ्या काढत होती आणि शेवटी उरलंसुरलं खात होती, ती.

शंकासुर

सरकार काय करत होतं, तर सिमल्याच्या थंड हवेत बसलं होतं. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी हे लिहून झोडपलंय. हजारो डॉक्टर युद्धावर पाठवलेले. धान्य युद्धासाठी बाहेर. हा सरळसरळ खून आहे. साथबिथ निमित्त.

गंगाथडी

शंकासुर, निम्मं पटतं. पण १९१८ चा पाऊसही बघा. देशभरात सरासरीच्या पाऊणच पडला, १८७७ आणि १८९९ च्या ओळीत बसणारं वर्ष. आपल्याकडे सिन्नर-चांदवड-येवल्याच्या पट्ट्यात तसाही पाऊस हात आखडून. बाजरी करपली, भाव चढले, कडबा मिळेना. सप्टेंबर-ऑक्टोबरात साथ आली तेव्हा लोक आधीच अर्धपोटी होते. आणि रब्बी पेरायच्या दिवसांत घरातले पेरणारे हात अंथरुणावर. म्हणजे पुढच्या वर्षीचंही गेलं.

शंकासुर

तेच म्हणतोय ना. पाऊस इंग्रजांनी पाडला नाही, पण भुकेल्या माणसाच्या ताटातलं बाहेर कुणी पाठवलं?

मोडीवाचक

मी कागदपत्रवाला माणूस, तेवढंच सांगतो.

२०२३ च्या हिवाळ्यात कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती जन्म-मृत्यूची दप्तरं पुढ्यात येऊन पडली. आमचं काम एकच : जातीच्या रकान्यात 'कु' दिसतंय का बघायचं. मागे उभे असलेल्यांना बाकी कशात रस नाही, आणि ते बरोबरच आहे, पोराच्या दाखल्याचा प्रश्न असतो.

एका गावाचं १९१८ चं पुस्तक उघडलं. जानेवारी ते ऑगस्ट मृत्यूंच्या नोंदी विरळ. कारणाच्या रकान्यात ताप, हगवण, देवी, एक सर्पदंश, एक विहिरीत पडून. ऑक्टोबर उघडला आणि पानच्या पान भरलेलं. पहिल्या ओळीत 'ताप', मग खाली 'सदर', 'सदर', 'सदर'. पान उलटलं की वर पुन्हा एकदा 'ताप' आणि खाली सदरांची रांग. वयाच्या रकान्यात २२, ३०, २५, १९, ३५. एकाच आडनावाच्या तीन-तीन ओळी सलग. आणि मध्येच, महिन्याच्या साधारण अर्ध्यावर, अक्षर बदलतं. वर्षभर जो माणूस लिहीत होता, 'र' ला लांब शेपूट काढायची ज्याची खोड होती, तो तिथे थांबतो. पुढचं अक्षर कच्चं, शाईचे डाग, ओळी उतरलेल्या. पहिला लिहिणारा आजारी पडला, मेला की गाव सोडून गेला, कागद काही सांगत नाही.

मूळ प्रश्नाचं माझं उत्तर याच रकान्यात आहे. कुठल्याही कागदावर 'इन्फ्लुएंझा' लिहिलेलं नाही, मानमोडीही नाही. सगळे 'ताप' या नावाखाली गेले. ताप तर दरवर्षी असतोच. म्हणूनच पुढे अभ्यासकांना एकूण आकडा काढताना त्या महिन्यांतल्या 'तापा'च्या मृत्यूंतून नेहमीच्या वर्षाचा ताप वजा करावा लागला. आकड्यांत एवढा फरक दिसतो त्याचं हे एक कारण.

वाचनमात्र_वामन

फक्त या प्रतिसादासाठी लॉगिन केलं. दंडवत.

आगाऊ_कार्टा

मोडीवाचक, आमच्या पणजोबांच्या नोंदीत 'कु' आहे का बघाल का? मिसळ माझ्याकडून. जास्तीचा पाव आणि दही सुद्धा.

मोडीवाचक

रांगेत या. तुमच्या पुढे सव्वाशे मिसळी आहेत.

सुंठसाखर

त्या काळी नाशकात वैद्यांची मोठी परंपरा होती. सुंठ, अडुळसा, तुळस, गुळवेल यांचे काढे घरोघरी होत. आपले लोक वाचले ते यामुळेच, हे कुणी सांगत नाही. इंग्रजी औषधं घेणारे जास्त मेले असं मी वाचलं आहे.

दवाखाना_बंद_वेळेत

सुंठसाखर, ज्यांना लागण झाली त्यातले बहुतेक जण बरे व्हायचेच. काढा घेऊनही, न घेताही. बरा झालेला माणूस सांगायला उरतो की कशाने वाचलो, मेलेला सांगत नाही की मी पण तोच काढा घेतला होता. ॲस्पिरिनचे भलतेच मोठे डोस तेव्हा जगभर दिले गेले आणि त्याने काही लोक दगावले असावेत, हे काही संशोधक मांडतात. म्हणजे तुमच्या दुसऱ्या वाक्यात अगदीच शून्य तथ्य नाही. पण खेड्यातल्या माणसाला ना ॲस्पिरिन मिळत होती ना वैद्य. त्याला मिळालं असेल तर गरम पाणी, घोटभर पेज आणि उबेला घोंगडी. आणि माझ्या मते औषध होतं ते तेवढंच. उलट तापात लंघन करायची जी पक्की समजूत आहे, तिने आधीच उपाशी असलेल्या माणसाचं काय झालं असेल विचार करा.

सुंठसाखर

तुम्हा लोकांना आयुर्वेदाचं नाव काढलं की ठसका लागतो. असो.

सावली

इथपर्यंत सगळे "लोक गेले, लोक गेले" म्हणताहेत. कुठले लोक? मुंबईचे आकडे आहेत, तेही तेव्हाच्या म्युनिसिपालटीचे. साथीत हजारी मृत्यू : युरोपियन ८.३, पारशी ९.०, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९. आणि ज्यांना तेव्हा 'खालच्या जाती' म्हटलं गेलं ते हिंदू, ६१.६. तिप्पट. एकच शहर, एकच विषाणू, एकच महिना.

नाशिकची अशी फोड माझ्यासमोर नाही. पण गावकुसाबाहेर एका खोपटात आठ माणसं, पाणी दुसऱ्याने ओतलं तर मिळणार, घरातला कमावता पडला की चूल बंद. वेगळं काय झालं असणार? ज्या शहरात १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला, तिथे १९१८ ला दवाखान्याचं दार कुणाला उघडं होतं, हाही प्रश्न विचारा. आणि मग विचारा की कुणाच्या घरी आठवण राहिली नाही. वही क्षेत्रोपाध्यायांकडे असते गंगाथडी, प्रत्येकाचं नाव त्या वहीत नसतं.

पंचवटीकर

प्रत्येक धाग्यावर जात आणलीच पाहिजे का? विषाणू जात बघत नाही.

सावली

जात मी आणली नाही. रकाना म्युनिसिपालटीने आखला होता, मी फक्त बेरीज वाचून दाखवली.

दवाखाना_बंद_वेळेत

पंचवटीकर, विषाणू जात बघत नाही, पण खोलीत किती माणसं झोपतात, पोटात काय आहे आणि आजाऱ्याला पाणी द्यायला कोण शिल्लक आहे हे तो पुरेपूर बघतो. सावली यांनी दिलेले आकडे मीही वाचलेत, बरोबर आहेत.

गंगाथडी

सावली, वहीचा मुद्दा मान्य. तुमच्या बाजूने काही ऐकीव असेल तर जरूर लिहा.

सावली

एकच. माझ्या आईच्या आजीचं माहेर गोदाकाठचं. ती सांगायची की त्या साली मरीआईचा गाडा वेशीबाहेर न्यायला माणसं मिळाली नाहीत. गाडा ओढायचा मान ज्या घरांकडे, तीच घरं पडलेली. गाडा वेशीच्या आतच राहिला आणि लोक म्हणायला लागले की म्हणून आई कोपली. बस, एवढंच. ते कुठलं साल हे तिला माहीत नव्हतं. "दुष्काळाच्या आदल्या सुगीला" असं म्हणायची.

पंचांगपांडे

एक वेगळी गोष्ट सुचवतो. तेव्हाचं पंचांग मांडून पाहिलं. सर्वपित्री अमावास्या ४-५ ऑक्टोबर १९१८ च्या आसपास येते. म्हणजे मुंबईत साथ शिखराला पोचली तो दिवस घटस्थापनेला खेटून. आणि त्याआधीचा, २० सप्टेंबरपासूनचा पंधरवडा हा पितृपक्ष. साथ चढत होती नेमकी तेव्हा. नाशिक-त्र्यंबक म्हणजे श्राद्धाचं क्षेत्र. रामकुंडावर त्या पंधरवड्यात बाहेरगावची माणसं येतात, धर्मशाळेत दाटीवाटीने राहतात, एका पंगतीला बसतात, आणि परत आपापल्या गावी जातात. रेल्वे हे एक कारण झालं, हे दुसरं असावं.

पंचवटीकर

पांडे, पक्षपंधरवड्यात लोक घरीच पान वाढतात हो. क्षेत्रावर येणारे वर्षभर येतात. शिवाय दुष्काळी साल, भाड्याला पैसे कुणाकडे होते? मला हे ओढूनताणून वाटतं. तेव्हाच्या नाशिक गावाला साथ पोचवायला सराफ बाजार आणि भद्रकालीचा बाजार पुरेसे होते. खेड्यांना आठवडे बाजार.

पंचांगपांडे

मी 'असावं' म्हटलं आहे. 'आहे' म्हटलेलं नाही.

निफाडची_लेक

वरचे सगळे प्रतिसाद वाचून रात्री आईला फोन केला. तासभर बोललो. टंकायला वेळ लागला म्हणून आज लिहितेय.

आमच्याकडे पणजोबांच्या दोन बायका. पहिली "बाळंतपणात गेली" असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. दुसरी तिचीच धाकटी बहीण, तेरा-चौदा वर्षांची, वर्षश्राद्धही न थांबता आणलेली. कारण मागे दोन पोरं होती आणि घरात बाई उरली नव्हती. म्हणजे सासू नाही, जाऊ नाही, नणंद नाही. मी आईला विचारलं, एक बाळंतपणात गेली, मग बाकीच्या कुठे गेल्या? आई गप्प झाली. म्हणाली, हे मी कधी विचारलंच नाही गं.

मागे राहिलेल्या दोन पोरांतली धाकटी म्हणजे माझी "मानमोडी आली मेल्याला" म्हणणारी आजी. तान्ही होती. शेळीच्या दुधावर वाढली. त्यामुळे आयुष्यभर तिने शेळीला काठी लावू दिली नाही कुणाला. आम्हाला वाटायचं, म्हातारीचं खूळ. साथीबद्दल ती काही बोलायची नाही, पण "माझी मावशीच माझी सावत्र आई" हे दर दिवाळीला सांगायची. मावशीने दूधभात कसा भरवला, मावशी स्वतःच पोर असल्यामुळे दोघी बाहुल्या कशा खेळायच्या, हे सगळं तपशिलात.

मग मी आमच्या आणि मामांच्या वंशावळी काढून बसले. १९१९-२० च्या सुमाराला दुसरेपणाची लग्नं बघा तुम्ही आपापल्या घरात. सावत्र आज्या मोजा. डॉक्टरांनी वर लिहिलंय की गरोदर बायका फार गेल्या. पोटुशी बाई तापाने गेली तर घरात तिला "बाळंतपणात गेली" असंच म्हणणार ना? ज्या बायकांनी गोष्ट सांगायची त्याच गेल्या. मागे राहिलेल्यांना कामं होती. सावत्र आई, सवतीचं पोर, मोडलेलं घर हे लक्षात राहिलं आणि साथ त्याच्यात विरून गेली, असं मला वाटतं.

वाचनमात्र_वामन

आमच्या पणजोबांची तीन लग्नं. मधलं १९१९ चं. आम्ही आजवर त्यांना रंगेल समजत होतो.

मोडीवाचक

निफाडची_लेक यांच्या म्हणण्याला जोड. त्याच दप्तरात १९१९ ची जन्माची पानं अगदी रोडावलेली आहेत. मुलं जन्माला यायला आया हव्यात.

शंकासुर

आणि प्लेग लक्षात राहिला कारण त्यात सरकार घरात घुसलं. पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याचा वध झाला, खटले झाले, पेपर पेटले. हाफकिनची लस, ती टोचून घ्यायची की नाही यावर भांडणं. १९१८ मध्ये भांडायला समोर कुणी नव्हतं. सरकार घरात सोडा, गावातही आलं नाही. वर्तमानपत्रांत काय तर माँटेग्यूच्या सुधारणा, काँग्रेसचं मुंबईतलं जादा अधिवेशन, टिळक विलायतेला निघाले, मग युद्ध संपलं. विसरायला सोपं.

दवाखाना_बंद_वेळेत

आज शंकासुराशी शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवा.

शिवाय प्लेग दरवर्षी यायचा. हिवाळा आला की उंदीर पडले का बघायचं, बिऱ्हाड बाहेर काढायचं, याची सवय झाली होती, त्याच्या म्हणी झाल्या. मानमोडी एका गावात जेमतेम काही आठवडे. १९१९ च्या सुरुवातीला काही ठिकाणी थोडी परतली, मग गेलीच. ज्यांनी प्लेगच्या अनुभवावरून मळ्यात झोपड्या घातल्या असतील त्यांनाही उपयोग नाही, कारण इथे उंदीर नव्हता, झोपडीतला शेजारीच खोकत होता.

गंगाथडी

निफाडची_लेक, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ बोटं मोजत होते, मग म्हणाले, "आपल्याकडेही माई थोरल्या आजोबांची दुसरीच." म्हणजे वहीत जे आले होते त्यांची दुसरी बायको. हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

आता नमुना १४ काढायचा आहे. गाव सिन्नर तालुक्यातलं. अर्ज कसा करायचा, कुणी केलाय का?

मोडीवाचक

तहसील कचेरीत अभिलेख कक्षाकडे साधा अर्ज. मौजेचं नाव, तालुका, साल, नमुना १४ मृत्यू नोंदवही असं स्पष्ट लिहा. 'जुने रेकॉर्ड मिळणेबाबत' एवढंच लिहिलंत तर सातबारा हातात देतील. १९१८ सोबत १९१९ चंही मागा, उशिरा चढवलेल्या नोंदी पुढच्या पुस्तकात सापडतात. आधी बघायची परवानगी घ्या, मग हव्या त्या पानाची नक्कल मागा, सगळ्याची मागू नका. कागद कडेने तुटतो, पान खालून हात घालून उलटा. फोटो काढू दिला तर इथे टाका, वाचून देतो. यात मिसळ नको.

आगाऊ_कार्टा

हा भेदभाव आहे.

सावली

मोडीवाचक, महारवाड्यातल्या नोंदी त्याच पुस्तकात असतात की वेगळ्या?

मोडीवाचक

मी पाहिलेल्या पुस्तकात तरी त्याच. जातीचा रकाना वेगळा, पान एकच. त्या ऑक्टोबरात तिथल्याही ओळी दाट आहेत. तुमचं गोदाकाठचं गाव कळवा, ते पुस्तक सुस्थितीत असेल तर बघतो.

सावली

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

देवळालीकर

सगळं झालं, पण मुंबई आधी की देवळाली आधी हे राहिलंच.

मनमाड_जंक्शन

छावणीच्या इस्पितळातली १० जूनच्या आधीची एक तारीख आणा. मग बोलू.

देवळालीकर

आणतो. धागा बंद करू नका.